शाळेची इमारत संगणकावर हलवून पाहताना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. मोजण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींनुसार हा भूकंप ६.२ ते ६.४ एवढा भरतो. जगातील भूकंपांच्या हिशेबात तो मध्यम म्हणावा असाच. तरीही सरकारी नोंदीनुसार जवळजवळ आठ हजार माणसे दगावली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

बहुतेक माणसे दगावली ती दगड-मातीच्या घरांत. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचा जड थर, अशी ही घरे होती. अनेक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, पण भोवतालच्या भिंती मात्र कोसळल्या. त्यानंतर मराठवाड्यात सर्वत्र एक समजूत रुजली की घर सिमेंट-काँक्रीटचे असले म्हणजे भीती नाही. या समजुतीला २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने धक्का दिला. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा, नुसत्या कॉलमांवर उभा होता.

म्हणजे काँक्रीट असणे पुरेसे नाही. इमारत हलेल तेव्हा कोणत्या कॉलमवर किती बल येईल, याचा हिशेब आधी करावा लागतो. हा हिशेब आज संगणकावर होतो. तो कसा होतो आणि कुठे फसू शकतो, हे आपण एका शाळेच्या उदाहरणाने पाहू.

इमारतीला ढकलतो कोण?

उभी असलेली एसटी एकदम सुरू झाली की आपण मागे झुकतो. गाडीने आपल्याला मागे ढकललेले नसते. पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड जडत्वामुळे जागीच राहू पाहते. भूकंपात इमारतीचे हेच होते. जमीन पायाला एका बाजूला ओढते आणि वरचे स्लॅब, भिंती, टाकी जागीच राहू पाहतात. मधले कॉलम त्यामुळे वाकतात. जेवढे वस्तुमान जास्त तेवढे जडत्वाचे बल जास्त. माळवदाची घरे आपल्याच वजनाने पडली, असे म्हणतात त्याचा अर्थ हाच.

दुसरी गोष्ट दोलनकालाची. पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरून दुसरे टोक टिचकी मारून सोडले की ती ठरावीक गतीने वरखाली होते. पट्टी लांब सोडली तर सावकाश, आखूड सोडली तर भरभर. इमारतीलाही असा स्वतःचा दोलनकाल असतो. एक-दोन मजली इमारतीचा तो सेकंदाचा काही अंश, तर उंच इमारतीचा काही सेकंदांचा असतो. जमिनीच्या हादऱ्यांतील जी कंपने या दोलनकालाशी जुळतात, ती इमारतीला अधिक झुलवतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो वाढत जातो, तसेच हे आहे.

आकड्यांत मांडू

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव. किल्लारीपासून ते सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर, पश्चिमेला आहे. अशा गावात एक दोन मजली शाळा बांधायची आहे, असे मानू. लांबी २४ मीटर, रुंदी ८ मीटर, त्यात ६ मीटरचे वर्ग आणि २ मीटरचा व्हरांडा. लांबीच्या दिशेने कॉलमांच्या तीन रांगा, प्रत्येक रांगेत सात, असे एकूण २१ कॉलम. प्रत्येक मजल्याची उंची ३.३ मीटर. पहिल्या स्लॅबच्या पातळीवरचे वजन भिंती आणि विद्यार्थ्यांचा काही भार धरून २०० टन आणि छताच्या पातळीवरचे १५० टन धरू. एकूण ३५० टन.

भूकंपरोधक रचनेची भारतीय मानक संहिता म्हणजे आय.एस. १८९३. तिची पहिली आवृत्ती १९६२ ची. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून प्रत्यक्ष कामासाठी त्या वेळी लागू असलेली आवृत्तीच पाहावी लागते. पद्धत समजून घेण्यासाठी आम्ही इथे २०१६ च्या आवृत्तीतील आकडे घेतले आहेत. त्यात इमारतीच्या वजनाचा किती भाग आडवे बल म्हणून धरायचा, हे चार आकड्यांवरून ठरते.

पहिला आकडा भूकंप विभागाचा. त्या आवृत्तीत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तिसऱ्या विभागात आहे आणि त्याचा गुणांक ०.१६ आहे. त्याचा निम्मा, म्हणजे ०.०८, हिशेबात घेतात. दुसरा आकडा महत्त्वाचा. साध्या घराला १, पण शाळेला १.५, कारण तिथे एका वेळी शेकडो मुले असतात आणि संकटानंतर गाव तिथेच आसरा घेते. तिसरा आकडा दोलनकालावरून मिळतो. संहितेच्या सूत्रानुसार ६.६ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचा दोलनकाल सुमारे ०.३ सेकंद येतो. एवढ्या कमी दोलनकालाला जमीन खडकाळ असो वा काळी, हा आकडा २.५ असतो. चौथा आकडा तन्यतेचा. सांगाडा विशेष काळजीने तन्य केला असेल तर ५ ने भागायचे.

आता गुणाकार करू. ०.०८ × १.५ × २.५ = ०.३. त्याला ५ ने भागले की ०.०६. म्हणजे ३५० टनांच्या ६ टक्के, २१ टन. एवढे आडवे बल पायाशी पेलावे लागेल, असे धरून शाळेची रचना करायची.

हे २१ टन दोन स्लॅबांवर सारखे वाटले जात नाहीत. वजन गुणिले उंचीचा वर्ग, या प्रमाणात ते वाटतात. छताची उंची पहिल्या स्लॅबच्या दुप्पट, म्हणून वर्ग चौपट. तेव्हा प्रमाण २०० × १ आणि १५० × ४, म्हणजे १ : ३ झाले. पहिल्या स्लॅबवर ५.२५ टन आणि छतावर १५.७५ टन. छत हलके असूनही त्याच्या वाट्याला पाऊण बल आले. छतावर विनाकारण वजन का टाकू नये, हे यावरून कळते.

संगणकाला इमारत कशी दिसते?

संगणकाला शाळा दिसत नाही. त्याला सांधे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा दिसतात. कॉलम म्हणजे उभी रेषा, बीम म्हणजे आडवी रेषा. प्रत्येक रेषेची लांबी, छेद आणि काँक्रीटचा प्रकार आपण द्यायचा. त्यावरून प्रत्येक रेषेचा ताठरपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर सरकवायला किती बल लागेल, हे संगणक काढतो. आपल्या शाळेत जमिनीच्या वर दोन मजल्यांचे मिळून ४२ सांधे आहेत. प्रत्येक सांधा तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती वळू शकतो. म्हणजे ४२ × ६ = २५२ अज्ञाते आणि तितकीच समीकरणे. कागदावर हे काम काही आठवड्यांचे, संगणकाला एक क्षण पुरतो.

अशा आज्ञावलींचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड विल्सन यांनी १९७० च्या सुमारास ‘सॅप’ ही आज्ञावली तयार केली. इमारतींसाठीची ‘ईटॅब्स’ त्याच परंपरेतली. आपल्याकडे अभियंत्यांच्या कचेऱ्यांत ईटॅब्स आणि ‘स्टॅड’ ही नावे सर्रास ऐकू येतात.

या २५२ समीकरणांमागची कल्पना दोन समीकरणांत समजते. प्रत्येक मजल्याचे सगळे कॉलम मिळून एक स्प्रिंग आहे असे समजू आणि तिचा ताठरपणा ५ टन प्रति मिलिमीटर धरू. पहिला स्लॅब क मिलिमीटर सरकला आणि छत ख मिलिमीटर, तर:

५ × (ख − क) = १५.७५
५ × क − ५ × (ख − क) = ५.२५

दोन्हींची बेरीज केली की ५ × क = २१, म्हणून क = ४.२ मिलिमीटर. पहिल्या समीकरणावरून ख = ७.३५ मिलिमीटर. दहावीचा विद्यार्थी हे सोडवू शकतो. संहितेनुसार या बलाखाली एका मजल्याची सरक त्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे इथे १३.२ मिलिमीटर, याहून जास्त नसावी. आपली शाळा या कसोटीला उतरली. मोठ्या भूकंपात प्रत्यक्ष सरक याच्या काही पट होऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

संगणक याच समीकरणांवरून दोलनकालही काढतो. वरच्या आकड्यांवरून तो सुमारे ०.६ सेकंद येतो, सूत्राने दिलेल्या ०.३ च्या दुप्पट. नुसत्या सांगाड्याचे प्रारूप खऱ्या इमारतीपेक्षा लवचिक असते, कारण त्यात भिंतींचा ताठरपणा नसतो. दोलनकाल वाढला की बल कमी भरण्याची शक्यता असते. म्हणून संगणकाने काढलेले एकूण बल सूत्राच्या बलापेक्षा कमी आले तर ते वाढवून सूत्राइतके करावे, असे संहिता सांगते. यंत्राच्या उत्तराला साध्या सूत्राचा लगाम घातलेला आहे.

भिंत: वजन की आधार?

आज्ञावली वापरताना अनेकदा विटांच्या भिंती बीमवरचे नुसते वजन म्हणून दाखवल्या जातात. इमारत हलताना मात्र भिंती गप्प बसत नाहीत. कॉलमांच्या चौकटीत घट्ट बांधलेली भिंत तिरप्या टेकूसारखे काम करते आणि त्या मजल्याला ताठ बनवते. वरच्या मजल्यांवर भिंती आणि तळमजला मोकळा असेल, तर वरचा भाग एखाद्या पेटीसारखा एकसंध सरकतो आणि सगळे वाकणे तळच्या कॉलमांच्या वाट्याला येते. अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारतींत हाच दोष होता. भिंत प्रारूपात फक्त वजन म्हणून दाखवली तर हा दोष पडद्यावर दिसतच नाही. म्हणून २०१६ च्या संहितेत अशा भिंतींच्या जागी तिरपे टेकू दाखवण्याची पद्धत दिली आहे.

शाळांमध्ये याहूनही नेहमी आढळणारा एक दोष आहे, तो अर्ध्या भिंतीचा. वर्गात उजेड हवा म्हणून कॉलमांच्या मध्ये निम्म्या उंचीपर्यंत भिंत आणि वर सलग खिडक्या ठेवतात. कॉलमची मोकळी उंची ३ मीटर होती, ती भिंतीने अडवल्यामुळे १.५ मीटर उरली. कॉलमचा ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी झाली की ताठरपणा आठपट.

आपल्या शाळेच्या मागच्या रांगेत तळमजल्यावर अशी भिंत आहे असे समजा. जमीन लांबीच्या दिशेने हलली. भिंत विसरलेल्या प्रारूपात तिन्ही रांगा सारख्या ताठ, म्हणून प्रत्येक रांगेवर ७ टन आणि प्रत्येक कॉलमवर १ टन बल येईल. प्रत्यक्षात रांगांचा ताठरपणा १ : १ : ८ या प्रमाणात आहे. एकूण बल तेच २१ टन, पण त्यातील आठ-दशांश, म्हणजे १६.८ टन, मागच्या रांगेवर येईल आणि तिच्या प्रत्येक कॉलमवर २.४ टन. एक बाजू ताठ आणि दुसरी लवचिक झाल्यामुळे इमारतीला पीळ बसेल तो वेगळाच. आखूड कॉलम वाकण्याआधीच कातरीत सापडल्यासारखा तुटतो आणि त्यावर फुलीच्या आकाराच्या चिरा पडतात.

हे सगळे एका अर्ध्या भिंतीमुळे झाले, आणि ती भिंत नकाशात नसून नंतर बांधलेली असू शकते. उपाय साधा आहे. भिंत आणि कॉलम यांच्यामध्ये थोडी फट ठेवून ती मऊ पदार्थाने भरावी, किंवा त्या कॉलमला पूर्ण उंचीभर जवळजवळ रिंगा घालाव्यात. तो निर्णय अभियंत्याने घ्यायचा. पण त्यासाठी भिंत त्याच्या प्रारूपात असायला हवी.

५ ने भागले त्याची किंमत

मघाशी ०.३ ला ५ ने भागून ०.०६ केले. न भागता हिशेब केला असता तर बल २१ च्या ऐवजी १०५ टन आले असते. मग हे ८४ टन गेले कुठे? मोठ्या भूकंपात सळया ताणल्या जातील, काँक्रीटला तडे जातील आणि त्यात हादऱ्याची ऊर्जा जिरेल, पण इमारत पडणार नाही, असा हा करार आहे. तांब्याची तार वाकवली तर वाकते, खडू वाकवला तर मोडतो. इमारत तारेसारखी वागली पाहिजे.

हा तारेचा गुण कसा आणायचा, हे आय.एस. १३९२० ही संहिता सांगते. तिची पहिली आवृत्ती योगायोगाने १९९३ चीच, आणि दुसरी २०१६ ची. बीम आधी वाकावा आणि कॉलम शेवटपर्यंत उभा राहावा, म्हणून सांध्याशी कॉलमांची एकूण ताकद बीमांच्या किमान १.४ पट असावी. कॉलमची बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. खेड्यापाड्यांत भिंतीच्या जाडीत लपवायला केले जाणारे नऊ इंची कॉलम या नियमात बसत नाहीत. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांशी रिंगा दाट असाव्यात. रिंगांची टोके ९० अंशांत न वळवता १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली असावीत. नाहीतर वरचे आवरण निखळताच रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात.

संगणकावर ‘५’ हा आकडा निवडायला एक कळ पुरते. तो खरा करण्याचे काम सळई बांधणाऱ्याच्या हातात असते. स्लॅब ओतण्यापूर्वी रिंगांचे हे आकडे तपासले नाहीत, तर कागदावरची शाळा आणि गावातली शाळा या दोन वेगळ्या इमारती ठरतात.

संगणकाला जे सांगितले तेच

आणखी एक गोष्ट किल्लारीनेच शिकवली. १९८४ च्या आवृत्तीतील नकाशात हा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९३ च्या आधी उत्तमातली उत्तम आज्ञावली वापरली असती, तरी तिने तोच लहान गुणांक घेऊन निर्धास्त उत्तर दिले असते. पुढे २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला. नकाशा बदलला, पण आधीच उभ्या असलेल्या इमारती आपोआप बळकट झाल्या नाहीत. जुन्या शाळांच्या तपासणीचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

शिक्षकांना संगणकाशिवाय पाहता येतील अशा काही गोष्टी: तळमजला वरच्या मजल्यांपेक्षा मोकळा आहे का? कॉलमांना अर्ध्या भिंती चिकटल्या आहेत का? मूळ हिशेबात नसलेला मजला नंतर चढवला आहे का? छतावर मोठी टाकी किंवा मुरमाचा ढीग आहे का? कॉलमच्या डोक्याशी तिरपे तडे आहेत का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर लेखी कळवून स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी मागावी.

वर्गात करून पाहा

१. लोखंडी पट्टीचे ३० सेंटिमीटर टोक टेबलाबाहेर काढून दुसरी बाजू घट्ट दाबा. टोकाला एक लहान वजन टांगा आणि टोक किती खाली आले ते मोजा. आता फक्त १५ सेंटिमीटर बाहेर ठेवून तेच वजन टांगा. टोक सुमारे एक-अष्टमांशच खाली येईल. आखूड कॉलमचे गणित ते हेच.

२. एका पुठ्ठ्याखाली सारख्या लांबीच्या चार काड्या लावून ‘इमारत’ करा आणि तळाची फळी हलवा. मग एका बाजूच्या दोन काड्यांना निम्म्या उंचीपर्यंत चिकणमातीने घट्ट बसवून पुन्हा हलवा. पुठ्ठा कसा पिळतो ते पाहा.

३. सोनारीच्या आपल्या शाळेच्या छतावर १०,००० लिटरची भरलेली टाकी ठेवली, तर पायाशी किती बल येईल आणि त्यातले छतावर किती? टाकीचे रिकामे वजन सोडून द्या. (उत्तर: एकूण २१.६ टन, छतावर सुमारे १६.५ टन.)